दुर्बीण आणि ओळीतल्या न्हाण्या

पंच्याऐंशी साली पावसाळा सरला आणि आमच्या ह्यांनी दुर्बीण घ्यायचं मनावर घेतलं. शेपटीचा तारा येणार असं रेडिओवर सांगत होते. हे चंद्रपूरजवळच्या मूल गावात प्राथमिक शाळेत मास्तर. मी विचारलं, "ठेवान कुठी?"

"स्लॅबवर. अजून कुठी?"

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या ओळीत स्लॅब एकट्या आमच्याच घराला. बाकी सगळी घरं कवेलूची, म्हणजे कौलारू, आणि मागे सगळ्यांच्या न्हाण्या. न्हाणी म्हणजे चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या आणि वर उघडं आभाळ. अर्ध्या बाया राईस मिलमध्ये कामाला. दिवस मावळताना अंगभर कोंडा घेऊन यायच्या आणि तडक न्हाणीत शिरायच्या. म्हणून रीत अशी होती, की स्लॅबवर चढणाऱ्या पुरुषाने आधी जिन्यात मोठ्याने खाकरायचं. खालून "थांब" आलं तर थांबायचं. आता ह्यांना तारे पाहायचे होते तेही दिवस मावळतानाच.

बातमी हापशीवर माझ्या आधी पोचली. ओळीतली सगळ्यात थोरली बाई मिलमध्ये धान वाळवायला जायची. तिने घागर खाली ठेवली.

"मास्तरीन, तुझा मास्तर दुर्बीन आनून राह्यला म्हनते. काऊन, चश्मा पुरत नाई का त्याले?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "ताऱ्यायसाठी आहे."

"तारे वर असते, माय. दुर्बीन खाली वळत नाई का?"

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, तेव्हाही उघडत नसे. पण ह्या बायांशिवाय मला त्या गावात कोणी नव्हतं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. त्यांच्या मनातून ह्यांचं नाव उतरलं, की माझ्या उंबऱ्यावर कोणी पाय ठेवणार नव्हतं. आणि शंका मला स्वतःलाही होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कधी आभाळाकडे पाहताना मी पाहिला नव्हता.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "निवडाले मी पन येतो चंद्रपूरले." हे माझ्याकडे पाहतच राहिले.

चंद्रपूरला एक वयस्क चष्मेवाले होते. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते काचा घासून स्वतः दुर्बिणी बनवायचे. त्यांच्या गच्चीवर तेव्हा दोन होत्या. एक हातभर लांब, भिंगाची, पिशवीत मावणारी. दुसरी पत्र्याच्या जाड नळीची, तळाशी आरसा बसवलेली, लाकडी घोडीवर ठेवलेली. माझ्या खांद्याइतकी उंच.

ह्यांनी छोटी उचलली ती खाली ठेवायलाच तयार नाहीत. "सायकलीवर बांधता येते. बदली झाली तरी ट्रंकेत मावते."

चाचा म्हणाले, "देखो गुरुजी, न्या-आनाले छोटी सोपी. पन शेपटीवाला तारा फिका असते. मोठीत उजेड जास्त येते."

जी वस्तू जागची हलत नाही तीच दुकानदार आधी गळ्यात मारतो, असं मला वाटलं. मी मोठीला डोळा लावला. समोर शहराच्या परकोटाची भिंत दिसली, पण उलटी. खाली आभाळ, वर दगड.

"चाचा, ही उलटं दाखवून राह्यली."

"बाई, चांद उलटा दिसला त तुमचं काय बिघडते?"

हे उत्तर मला दुकानदारीचं वाटलं. छोटीतून पाहिलं, तर तीही उलटीच.

चाचा आणि हे घोडीच्या पायांबद्दल बोलत होते, तेव्हा मी माझं खरं काम केलं. शेजारच्या गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होती. आमच्या स्लॅबवरून थोरल्या बाईची न्हाणी असेल तेवढ्याच अंतरावर. छोटीची नळी ओढून लांब केली, तर त्या बाईच्या हातातल्या बांगड्या मोजून घ्याव्या इतक्या स्वच्छ. मोठी तिच्याकडे वळवली आणि डोळ्याजवळची नळी आतबाहेर सरकवणारा खटका फिरवून फिरवून शेवटापर्यंत नेला. नुसता लाल-पांढरा धुरळा. भाताच्या पेजेतून पाहावं तसं.

"चाचा, ही जवळचं काऊन दाखवत नाई?"

चाचा ओशाळले. "डोळ्याची नळी तेवढी बाहेर येत नाई, बाई. ही दूरचीच हाय. पाहिजे त लांब नळी बसवून देतो."

"नोको," मी म्हटलं. इतक्या घाईने मी कधी बोलत नसे. "हीच घ्या. मोठी."

हे म्हणाले, "उचलन कोन?"

"एका बाजूनं मी उचलतो."

त्यांना कारण कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एसटीत कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं, "मास्तर, तोफ का?" जंगलाच्या नाक्यावर शिपायाने चादर सोडायला लावली आणि नळीत डोकं घातलं. आत त्याला स्वतःचंच भलंमोठं तोंड दिसलं. त्याने आम्हाला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मावळतीला मी ह्यांना खालीच ठेवलं आणि थोरल्या बाईला वर बोलावलं. तिने आपल्या सुनेला न्हाणीत उभं केलं आणि दुर्बीण स्वतःच्या हाताने तिच्यावर रोखली. खटका इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

खालून सून ओरडली, "मी दिसून राह्यलो का, आत्या?"

"धुकं दिसून राह्यलं. गप उभी राय."

लांब नळी बसवता येते हेही मी तिला सांगितलं होतं, म्हणून तिचं समाधान झालं नाही. "आमी गेल्यावर तुझ्या मास्तरानं नळी बदलवली त?"

"त्यासाठी चंद्रपूरले न्या लागते. एकट्याले उचलत नाई ती, बाई. दुसऱ्या टोकाले मी असतो."

तिने नळीखाली हात घालून वजन पाहिलं. मग चंद्राकडे वळवून बराच वेळ पाहिलं. "देवीचे खड्डे दिसून राह्यले याच्या तोंडावर," म्हणाली. जाताना जिन्यात थांबली. "शेपटीचा तारा आला का आमाले बलाव. पन मास्तराले खालीच ठेवजो."

संक्रांतीच्या सुमाराला तारा दिसायला लागला. बाया आंघोळी उरकून ओल्या केसांनी स्लॅबवर आल्या, एकमेकींना ढकलत. कापसाचा पुसट बोळा दिसत होता. मिलमधली एक म्हणाली, "एवढ्यासाठी तोफ आनली का?" पण आपला नंबर कोणी सोडला नाही. खाली ओळीत हे दुसऱ्या पुरुषांसोबत उभे होते आणि वर पाहून विचारत होते, "दिसला का?"

"थांब, मास्तर," थोरली बाई वरून म्हणाली. "अजून चौघी बाकी हायेत."