टेकडीवर झाड नको

नेपरव्हिलच्या माझ्या घरून निघाले तेव्हा रस्त्याकडेला मळका बर्फ होता. दुपारी ओहायोत पोचले तर रेडबड (पानांआधी गुलाबी फुलांनी भरणारं झाड) फुललेलं. माझे चुलत सासरे बापूकाका आणि सुमनकाकू दूर फ्रीमाँटला मुलाकडे राहायला चालले आहेत. घर विकायला काढलंय, आणि सामान बांधायला मी आले होते. खोक्यांवर नावं लिहून झाली, तेव्हा काकांनी एकच हट्ट धरला: जाण्याआधी काकूंनी एकदा तरी त्यांचं जंगल बघायचं.

हे जंगल एका जुन्या युरेनियम कारखान्याच्या जागेवर वाढतंय. ती जागा साफ करण्यात इंजिनिअर असलेल्या काकांची नोकरीची वर्षं गेली. आता ते तिथेच हौसेनं झाडं लावतात. काकू कधीच गेल्या नव्हत्या. काका तिथून आले की स्मशानातून आल्यासारखी आधी अंघोळ, मगच घरात वावर, हा काकूंचा नियम आजही चालू आहे. येते, पण गाडीतून उतरणार नाही, दशम्याही काचा वर करूनच खाणार, असं त्यांनी निघतानाच बजावलं.

आत शिरताच ओकची कोवळी रोपं दिसली, हरणांनी खाऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या नळ्यांत उभी. फोटोसाठी मी काच खाली केली, ती काकूंनी वर करायला लावली.

पुढे कुंपणात एक लांबट, गवताळ टेकडी होती. काका परवानगीचा बिल्ला लावून आत गेले, गुडघे टेकले आणि गवतातली इवली रोपं उपटू लागले. काकू परसात आपोआप उगवलेलं मिरचीचं रोपही कुंडीत जगवणाऱ्या. मला कळायच्या आत गाडीचं दार उघडून त्या खाली उतरल्या होत्या.

"अहो, जिवंत रोपं उपटताय कशाला?"

काका कुंपणापाशी आले. त्यांनी समजावलं, दूषित माती आणि कारखान्याचा राडारोडा या टेकडीखाली पुरलाय, वर चिकणमातीचे थर आहेत. झाडांची मुळं ते थर फोडतील. म्हणून इथे फक्त गवत, जंगल भोवती.

काकूंनी पायाखाली पाहिलं. "आणि मी कुठे उभी आहे?"

"साफ जमिनीवर. ती मी स्वतः तपासलीय, सुमन."

"हे इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत."

"तू सांगू कुठे दिलंस? थेट बाथरूमचं दार दाखवायचीस."

काकू हसल्या नाहीत, पण गाडीतही परत बसल्या नाहीत. पुढे लागवडीच्या पट्ट्यात काका ओकचं एक रोप जरा जास्तच खोल लावत होते. काकूंनी ते त्यांच्या हातून घेतलं, खड्ड्यात थोडं वर उचललं आणि भोवतीची माती बोटांनी दाबली. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. नळावर त्यांनी ते बराच वेळ धुतले. दशम्या आम्ही बाकावर बसून खाल्ल्या.

परतताना काकूंनी विचारलं, आपण गेल्यावर टेकडीवरची रोपं कोण उपटणार. येईल कोणीतरी, काका म्हणाले.

"किती वर्षं उपटायची?"

"कायम."

घर जवळ आलं तेव्हा काकू म्हणाल्या, "उन्हाळा काढून जाऊ. त्या ओकला पाणी कोण घालणार? मुलाला मी सांगते."

काका पुढच्या चौकात सिग्नल न देताच वळले, आणि त्याबद्दल काकूंचं ऐकून घेतलं.

जंगल वाढवणं म्हणजे झाडं लावणं, अशी माझी समजूत होती. इथे एका बाजूला लावायचं, दुसऱ्या बाजूला उपटायचं, आणि दोन्हीकडे लक्ष ठेवणारं माणूस कायम जवळ हवं. ते मला नेपरव्हिलच्या वाटेवर उमगलं. काकू तोवर त्या राखणीच्या कामाला लागल्याही होत्या.