तळाचं पाणी

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एम.एस्सी. करत होते. विषय होता तलावातले जिवाणू. रामटेककडच्या एका तलावावर दर महिन्याला जायचं, वरचं, मधलं आणि तळाचं पाणी निर्जंतुक बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि एस.टी.नं प्रयोगशाळेत आणायचं. तळाशी प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू वेगळेच, आणि मला हवे होते तेच.

मे महिन्यात बर्फ किती उरलाय ते पाहायला मी बसमध्ये डबा उघडला. शेजारच्या आजींना गार बाटल्या दिसल्या.

"पोरी, घोटभर पानी दे वं."

"आजी, हे पिण्याचं नाही. तलावाचं आहे, अभ्यासाचं."

"तलावाचंच तं जलमभर पेलो आमी!"

मागून कोणी ओरडलं, "तहानल्याले पानी नाही देत! कॉलेजात हेच शिकवते का?" सगळी बस माझ्याकडे बघू लागली. मी जिवाणूंबद्दल सांगू लागले, तोवर आजींनी एक बाटली उचलून रिकामीही केली होती. तळाची.

"गार हाय," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "पन सडक्या अंड्यावानी वास येते."

तो वास म्हणजेच माझे जिवाणू. मला रडू येत होतं.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "तळाचा नमुना?"

"एका आजींनी प्यायला, सर."

सरांनी चष्मा काढला. "आजी कशा आहेत?"

हे मला सुचलंच नव्हतं. जावई पोट बिघडून नागपुरातच धंतोलीत भरती आहे, असं आजी बसमध्ये सांगत होत्या. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी धंतोलीतले दवाखाने पालथे घातले. चौथ्या दवाखान्यात आजी सापडल्या. ठणठणीत होत्या, जावयाला पेज भरवत होत्या.

"हे पाहा, पानी नाही देनारी पोरगी!" त्यांनी ओळख करून दिली.

मी खाटेशी बसून सगळं समजावलं. मेलेले मासे, कुजकी पानं हे जिवाणूच संपवतात. ते नसते तर तलाव मढ्यांनी भरून गेला असता.

आजी विचारात पडल्या. "मंग चांगलेच हायेत की ते. पेले तं काय बिघडलं?"

"पोटात सगळेच चांगले नसतात, आजी."

"माह्या पोटात गेले म्हंजे सुधरतीन," त्या म्हणाल्या. जावई पोट धरून हसला आणि लगेच कण्हला.

प्रबंधातल्या तक्त्यात मे महिन्याचा तळाचा रकाना रिकामाच राहिला. त्याखाली मी लिहिलं, 'नमुना वाटेत संपला.' सरांनी 'संपला' खोडून 'नष्ट झाला' केलं. मला ते आजही पटलेलं नाही.