थायरॉइडचा आळस

ग्रंथालयातल्या बाईंना सगळे कुंभकर्णीण म्हणत. पुस्तकांवर शिक्के मारता मारता त्यांचा डोळा लागे. एकदा तर शिक्का वाचकाच्या मनगटावरच उमटला. घरी सासूबाई रोज ऐकवत, "आळस अंगात मुरलाय हिच्या!" बाईंनाही ते पटलं होतं.

शेवटी नणंदेनं त्यांना डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "मेंदूखालची ग्रंथी रक्तातून थायरॉइडला निरोप धाडते, हार्मोन बनव म्हणून. तिथल्या पेशींना निरोप पोचतो, पण तुमची थायरॉइड थकलीय, तिच्याकडून काम होत नाही. मग वरून निरोपांचा नुसता भडिमार! तुमच्या रक्तात ते दहापट झालेत."

"म्हणजे आतही एक सासू बसलीय!" बाई म्हणाल्या. सासू नणंदेची सख्खी आई, तरी नणंद फिस्सकन हसली.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. त्यातलं हार्मोन पेशींपर्यंत पोचू लागलं, तसा वरचा आरडाओरडा थंडावला. तीन महिन्यांत बाई टक्क जाग्या झाल्या आणि सासूबाईंना शब्दाला शब्द देऊ लागल्या.

सासूबाईंनी गुपचूप डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "गोळी अर्धी केली तर चालेल का हो?"