आंब्याच्या मुळांवरची खोली

नंदिगड्ड्याजवळच्या आमच्या घराचं जोतं उंच. आजारपणानंतर बाबांना पायऱ्या चढवेनात, तेव्हा अंगणातच, आंब्याखाली, त्यांच्यासाठी एक खोली बांधायची ठरली. गवंडी येऊन पाहून गेला. दगडी भिंतीला खोल पाया लागेल, म्हणजे आंब्याची मुळं तोडावी लागतील, असं त्याचं म्हणणं. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तो आंबा त्यांनी लग्नाच्या वर्षी लावला होता. फळ इतकं आंबट, की माकडंसुद्धा एक चावा घेऊन टाकून देत. पण बाबांचा त्याच्यावर जीव.

मी बेळगावात ग्लास फायबर काँक्रीटची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. सिमेंटात काचेचे बारीक तंतू मिसळले की बोटभर जाडीची भिंतही भक्कम होते. बाबांपुढे मी भाषणच ठोकलं. सिमेंट कमी लागतं, नदीतली वाळू कमी उपसावी लागते, सगळं सामान एका टेम्पोत मावतं, आणि भिंतीला वजनच नाही तर खोल पाया हवा कशाला?

"त्ये समदं ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "माजा आंबा ऱ्हातो का, त्ये सांग."

"राहतो."

"मग आण तुजी काच."

मुळं चुकवत आम्ही उथळ खड्डे घेतले, लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर पॅनेल बसवली. एका कोपऱ्यात मूळ आडवं आलं, तर मी खांबच बाजूला सरकवला. त्यामुळे खोली जराशी तिरकी झाली. बाबांनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली. "भित्त म्हनायची का पापड, बाय?" मग येईल त्याला ते टिचकी मारायला लावत आणि खिडकीतून आंबा दाखवत. मला माझा भारी अभिमान वाटायचा.

पुढच्या आषाढात त्याच खोलीत बाबा गेले.

आमच्याकडे चितेला घरच्या आंब्याचं लाकूड लागतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण मुळं वाचवताना एकदाही मनात आलं नव्हतं. काका कुऱ्हाड घेऊन अंगणात उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं.

"वैनी, आंबा तोडू न्हवं?"

मला कुणी विचारलं नाही. राग आला, ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय होते? बाबांना परक्या लाकडांवर ठेवा म्हणून?

"तोडा," आई म्हणाली. "त्येंचाच हाय. जाऊ दे त्येंच्यासंगं."

मी खोलीच्या भिंतीला टेकून उभी होते. भिंत पातळ, त्यामुळे प्रत्येक घाव पाठीत कळत होता. झाड आडवं झालं तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

कारखान्यात मी अजून लोकांना तेच सांगते, वाळू वाचते, सिमेंट वाचतं, झाडाला धक्का लागत नाही. त्यात खोटं काही नाही. शेवटचं वाक्य तेवढं मी भराभर उरकते.

आता त्या खोलीवर दिवसभर ऊन असतं. आई तिथेच राहायला गेली आहे. गेल्या वेळी गेले तेव्हा ती जमिनीवर अंथरूण घालत होती. बाबांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली.

"खाटेवर झोप की गं," मी म्हटलं.

"हितंच बरं," ती म्हणाली. "खाली मुळं हायती न्हवं."