चिंचोक्याएवढं भोक

ठाण्याच्या दवाखान्यात लागलो तेव्हा मोडलेल्या हाडाला नाव देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा तोरा होता. कातडी शाबूत असेल तर मोड साधा. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर उघडा. साध्याला फळ्या बांधायच्या आणि वाट पाहायची. उघड्याचं मात्र काही खरं नसे. पाय सडू लागला की माणूस वाचवायला पाय कापावा लागे. नाव चुकलं नाही म्हणजे अर्धं काम झालं, असं मी कंपाउंडरला ऐकवी. तो बिचारा मान डोलवी.

एका सकाळी खाडीकडच्या मिठागरातला कामगार डोलीतून आला. मिठाच्या गोणीसकट बांधावरून घसरला होता. नडगी वाकडी झालेली, वर गावच्या हाडवैद्यानं थापलेला हळदीचा जाड लेप.

त्या दिवशी घरी वडिलांचं श्राद्ध होतं. श्राद्धाच्या दिवशी रक्ताला शिवायचं नाही, हा आईचा दंडक. आणि ब्राह्मण खोळंबले होते. मी दोन हात लांबूनच पाहिलं. रक्त दिसेना. “साधा मोड,” मी कंपाउंडरला म्हणालो, “लेपावरूनच फळ्या बांध.”

त्या कामगाराची बायको दाराशी उभी होती. “डागतर, लेप काडून बगा ना. आत जखम हाय.”

“बाई, मोड कसला आहे ते मला कळतं.”

दवाखान्याच्या पुस्तकात ‘साधा मोड’ लिहून मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी तो तापानं फणफणला. फळ्या सोडताच वास आला. लेप मी स्वतःच्या हातांनी धुतला. खाली चिंचोक्याएवढं भोक होतं. हाड बाहेर येऊन गेलं होतं, हाडवैद्यानं ते आत बसवून वर लेप दिला होता. हे त्या बाईला ठाऊक होतं, आणि तिनं जखम आहे म्हटल्यावरही मी तिला काही विचारलं नव्हतं.

पाय कापावा लागेल म्हटल्यावर तो रडला नाही. माझं मनगट धरून म्हणाला, “गुडघा तेवढा ठेवा, डागतर. गुडघ्यावर बसून मीठ भरीन मी.”

सडणं गुडघ्याच्या वर गेलं होतं. मी “बरं” म्हणालो आणि क्लोरोफॉर्मचा रुमाल त्याच्या नाकाशी धरला.