दोनदा दिलेला सूर

विलासदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नागपुरात सदर भागातल्या हॉटेलात माईकपाशी उभी राहून त्याच्यावर चिडत होते. रविवारी दुपारी बाराला आमचं गाणं सुरू व्हायचं आणि वीस वर्षांत हा माणूस पाच मिनिटंही उशिरा आला नव्हता. फोनवर त्याची बहीण सुमनताई होती. माझा राग ओसरायलासुद्धा तिनं वेळ दिला नाही...

दादा मूळचा खापरखेड्याचा. वडील वीज केंद्रात कामाला. हा सदरच्या चर्चमधल्या जुन्या पियानोवर हात बसवून, रेडिओ ऐकून जॅझ शिकला. पण नागपुरात नुसतं जॅझ ऐकणार कोण? म्हणून गाणाऱ्यांच्या साथीला बसला. माझा आवाज बसलेला असला की गाणं न सांगता अर्ध्या सुरानं खाली घ्यायचा. माझा श्वास चुकला की तेवढं जास्तीचं वाजवून मला सांभाळून घ्यायचा. टाळ्या मी घ्यायची, आणि हा त्या झकपक हॉटेलात बशीत ओतून चहा प्यायचा.

आमचा एक रिवाज होता. गाण्याआधी तो एका बोटानं मला सूर द्यायचा. एकदाच, हळू. यंदा दिवाळीच्या सुमारास तो सूर दोनदा यायला लागला. आधी मी दुर्लक्ष केलं. त्याची कपबशी हातात खडखडायची, एकदा चहा टेबलक्लॉथवर सांडला, तेही मी बघितलं. पण मला माझीच पडली होती. पन्नाशी उलटल्यापासून आवाज जाईल या भीतीनं मी आधीच अर्धी झाले होते. दादाला माझं बेसूर होणं कळलंय, असंच मी धरून चालले. तिसऱ्या रविवारी मी चारचौघांत फटकारलं, "मी बहिरी झाली काय गा दादा? दोनदा काहून देतो?"

 तो उजवा हात मांडीवर घेऊन म्हणाला, "नाही देत वं. एकदाच देतो."

पुढचे रविवार सूर एकदाच आला. दोन वेळा तर आलाच नाही. बोट पट्टीवर पडलेलं मी पाहिलं, आवाज ऐकला नाही. मी आपली सवयीनं बरोबर सुरात उठले, आणि बघ, तुझ्यावाचून अडत नाही, असं मनात म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी तो फोन आला.

पंधरा दिवसांनी वाडीला त्याच्या खोलीवर गेले. बाहेरून ट्रक गेला की पियानोवरचा त्याचा चष्मा थरथरायचा. सुमनताई चहा ठेवता ठेवता बोलली, "बोट सुन्न पडून राहिलं होतं त्याचं. पट्टी दबली का नाही, समजेच ना त्याले. म्हणून दोनदा दाबून पाहे." दवाखान्यात चल म्हणून ती मागे लागली होती. आधी तिचे, म्हणजे माझे, कार्यक्रम होऊ दे, म्हणायचा. डोक्यातली शीर तोवर थांबली नाही, फुटली. सुमनताईनं पुढचं अगदी सहज सांगितलं, "शेवटी शेवटी दोनदा दाबणं सोडलं होतं त्यानं. मले वाटलं, बरा झाला."

मी चहाची बशी तशीच खाली ठेवली. कोणामुळे सोडलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे.

आता साथीला नवीन मुलगी आहे. तिनं सूर दिला की मी म्हणते, पुन्हा दे. ती गोंधळून विचारते, "मॅडम, ऐकू नाही आला काय?"

आलेला असतो. मी तिच्या बोटाकडे बघत असते.