पडद्यावरची भरती

इनासमास्तर एकाच माडाखाली उभे राहून एकाच समुद्राचे फोटो काढत. सकाळी सहापासून दिवस मावळेपर्यंत, तासातासाला. मालवणात लोक त्यांना हसत, आणि हसणाऱ्यांत मी पहिला होतो.

जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला हा माणूस एक दिवस माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला. "पडद्यावरचा चित्र आपसूक बदलता म्हणतत. माका शिकव रे." म्हातारपणी काय एकेक थेरं सुचतात, असं मला वाटलं. मग कळलं. त्यांच्या बायकोचं, रोझीनबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. किनाऱ्यावर जन्म काढलेली बाई मागच्या खोलीत पडून होती. लाटा ऐकू येत, दिसत नसत. जेवण तुटलं होतं, तोंड कायम भिंतीकडे. मास्तरांनी खाटेसमोर कॉम्प्युटर मांडला आणि मी दर तासाला वॉलपेपर बदलेल असं करून दिलं. सातला सातचा समुद्र, आठला आठचा.

चौथ्या दिवशी रोझीनबाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि त्या चक्क भांडल्या. "मास्तर, कान फुटले काय तुमचे? भायर भरती इली आसा, आनि हय सुकती! दर्यो काय घड्याळ बघून येता?"

आम्ही दोघंही खजील. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि आम्ही दोघे मालवणचेच. बाईंनी पडल्या पडल्या हिशेब सांगितला, "तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी म्हणजे तीनाक भरती."

मास्तरांनी सगळे फोटो पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. गळ्यात क्रूस, काखेत पंचांग. प्रत्येक तिथीचा वेगळा समुद्र, तोही तासातासाचा. ढग आले की ती तिथी पुन्हा येईपर्यंत थांबायचं. "दर्यो खोटो दाखवचो नाय. तिका कळता," एवढंच म्हणायचे. तिथीप्रमाणे फोटो आपोआप लागतील अशी सोय मी केली. ते अर्ध्या दिवसाचं काम. त्यांचं काम पाहून मात्र मी थक्क झालो, तो आजही आहे. रोझीनबाई भिंतीकडून वळल्या त्या वळल्याच. पेज मागून घेऊ लागल्या.

एकच फोटो त्यांना खटकायचा. सकाळी सूर्य पाठीशी असे, म्हणून मास्तर माडाच्या सावलीत उभे राहत. पण द्वितीयेच्या आठच्या फोटोत ओल्या वाळूवर त्यांची लांबलचक सावली आली होती, टोपीसकट. "दर्यात तुमचा काय काम? काढून टाका ती," बाई म्हणत. "फुडच्या द्वितीयेक दुसरो काढतंय," मास्तर म्हणत आणि विसरत.

गेल्या वर्षी मास्तर तापाने गेले, चार दिवसांत. पुढची द्वितीया जवळ आली तशी मला ती सावली आठवली. बाईंना ती दिसू नये म्हणून मी सकाळी साडेसातलाच त्यांच्याकडे पोचलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, अंगात चर्चला जायचा झगा. मी माऊसला हात लावला तशा ओरडल्या,

"हात लावू नको रे! आठाक मास्तर येतले."